वायरला पाय अडकला, तर आधी काय सुटायला हवं?

चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या वायरला पाय अडकला की एकाच झटक्यात चार गोष्टी ओढल्या जातात: बोर्डातला पिन टॉप, चार्जरचा ठोकळा, लॅपटॉपमधला प्लग आणि खुद्द लॅपटॉप. यातलं जे सर्वांत कमी ओढीला हलेल ते आधी जातं, आणि ते गेलं की बाकीच्यांवरचा ताण संपतो. पिन टॉप निघाला तर परत लावायचा, एवढंच. लॅपटॉप आधी घसरला तर तो फरशीवर. वायर अडकण्यापासून बचाव करणारं म्हणून जे काही दुकानांत मिळतं, मग ते चुंबकी टोक असो, वेल्क्रो पट्टी असो, चिकटणारी क्लिप असो की स्क्रूने घट्ट बसणारा प्लग, ते सगळं फक्त हा क्रम बदलतं.

गोंधळ इथेच होतो. यातली काही साधनं वायर पटकन सुटावी म्हणून असतात, तर काही ती सुटूच नये म्हणून. दोन्ही 'केबल प्रोटेक्शन' या एकाच नावाखाली शेजारी-शेजारी टांगलेली असतात. हार्ड डिस्कला सुटणारं साधन लावलं तर डेटा जातो आणि लॅपटॉपला न सुटणारं लावलं तर लॅपटॉप जातो. त्यामुळे खरेदीच्या आधी थोडं गणित बघू.

आधी घसरणार की आधी सुटणार

यूएसबी-सीच्या मानकानुसार नवा प्लग सरळ बाहेर ओढायला ८ ते २० न्यूटन जोर लागायला हवा. म्हणजे वजनकाट्याच्या भाषेत साधारण ८०० ग्रॅम ते २ किलोची ओढ. आता दीड किलोचा लॅपटॉप सनमायकाच्या टेबलावर ठेवलाय, खालची रबराची बुटकी पायं झिजलीत आणि त्यांवर धूळ बसलीय. अशा वेळी घर्षण गुणांक (सरकवायला लागणारी ओढ भागिले वजन) ०.२ ते ०.३ धरायला हरकत नाही, म्हणजे लॅपटॉप ३०० ते ४५० ग्रॅमच्या ओढीलाच सरकू लागतो. प्लग सुटायला किमान ८०० हवेत. म्हणजे प्लग आत पक्का बसलेला असताना लॅपटॉप टेबलाच्या कडेकडे निघालेला असतो.

म्हणून आमच्या मते पहिलं साधन कुठलंही खास उपकरण नाही. कपाटाच्या खणात अंथरतात ती जाळीदार रबरी मॅट घ्या. तिच्यावर घर्षण ०.७ च्या आसपास गेलं तर तोच लॅपटॉप सरकायला जवळपास किलोभराची ओढ लागते, आणि थोडा सैल झालेला प्लग त्याआधी सुटण्याची शक्यता तयार होते. लॅपटॉपची पायं ओल्या फडक्याने पुसली तरी फरक पडतो. महिन्या-दोन महिन्यांनी पुसत जा.

मोबाइलच्या बाबतीत मात्र हे गणित कधीच जुळत नाही. २०० ग्रॅमचा फोन १०० ग्रॅमच्या ओढीलाही सरकतो. त्याचा प्लग फोन पडायच्या आधी सुटेल ही आशा सोडून द्या. फोन चार्जिंगला टेबलाच्या कडेला ठेवूच नये, किंवा चुंबकी वायरलेस चार्जर वापरावा. क्यूआय-टू प्रकारात फोन चकतीला चुंबकाने धरलेला असतो, पोर्टला काही लागतच नाही. पण वायर ओढली गेली तर चकती आणि फोन जोडीने निघतात, त्यामुळे चकती दुहेरी चिकटपट्टीने टेबलाला चिकटवलेली हवी.

वरचे आकडे सरळ ओढीचे आहेत. पाय सहसा सरळ ओढत नाही. वायर खाली आणि बाजूला जाते, आणि प्लग आत अडकूनच वाकतो. यूएसबी-सीचा प्लग पोर्टच्या आत साडेसहा मिलिमीटरच्या आसपास जातो, तर बाहेर अडीच-तीन सेंटिमीटर असतो. म्हणजे दगड उलथायला पहार लावावी तशी ही तरफ झाली. वायरीवर किलोभर ओढ आली तर आतल्या कडेवर ती चौपट होऊन पोचते. पोर्टच्या आत जी पातळ जीभ असते तिची जाडी ०.७ मिलिमीटर. एक तर ती वाकते, नाहीतर पोर्टचे टाके, म्हणजे सोल्डरिंगचे जोड, मदरबोर्डवरून उचकटतात. लॅपटॉप खाली पडला नाही म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकला, आणि आठवड्याने चार्जिंग तुटक-तुटक व्हायला लागलं, असं होतं ते यामुळेच.

काटकोनी, म्हणजे 'एल' आकाराचे प्लग या तरफेवरचा उपाय म्हणून विकले जातात. त्यात अर्धं तथ्य आहे. प्लगचा बाहेरचा भाग सेंटिमीटरभर राहतो, त्यामुळे पलंगावर आडवं पडून काम करताना पोट किंवा उशी दाबली जाऊन होणारं नुकसान वाचतं. पण वायर लॅपटॉपच्या कडेला समांतर धावते, आणि त्या दिशेने ओढ आली तर प्लग सरळ बाहेर यायला वावच नसतो. पायासाठी एल प्लगचा भरवसा धरू नये. सरळ प्लगच्या पुढे जोडायचा घट्ट काटकोनी अडॅप्टर तर टाळाच, त्याने तरफ उलट लांबते.

चुंबकाचं टोक

हलक्या ओढीला सुटणारी चुंबकी वायर ही कल्पना कॉम्प्युटरवाल्यांची नाही. जपानमध्ये पाणी तापवायच्या विजेच्या भांड्यांना ती आधीपासून होती, वायरीला कोणी अडखळलं तर उकळतं पाणी अंगावर येऊ नये म्हणून. २००१ च्या एक्सबॉक्सच्या कंट्रोलरच्या वायरीत चुंबक नव्हता, पण मध्ये एक सुटणारा जोड होता. अॅपलने २००६ मध्ये मॅकबुक प्रोला मॅगसेफ हे चुंबकी टोक लावलं, पुढे काही वर्षं यूएसबी-सीसाठी ते काढून टाकलं आणि २०२१ मध्ये परत आणलं. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस मशीनलाही २०१२ पासून चुंबकी जोड आला.

या मूळ रचनांमध्ये दोन गोष्टी विचारपूर्वक केलेल्या आहेत. चुंबक सरळ ओढीला बऱ्यापैकी धरतो, पण वर किंवा खाली कलला की एका कडेने उलगडत सुटतो. पायाची ओढ बहुतेक वेळा खालच्या दिशेनेच येते, म्हणजे जिथे धोका तिथेच तो कमजोर. आणि समोर लॅपटॉपच आहे अशी खात्री पटल्याशिवाय टोकावर पूर्ण वीज येत नाही.

स्वस्तातल्या चुंबकी अडॅप्टरमध्ये या दोन्हींची हमी नसते. तो दोन तुकड्यांत येतो. एक छोटं टोक पोर्टमध्ये कायमचं बसवायचं आणि दुसरा तुकडा वायरीला. यूएसबी-सीच्या मानकात अशा जोडणीला जागाच नाही, त्यामुळे पाकिटावर काहीही छापलेलं असलं तरी मानकाची मोहोर त्यावर नसते.

का नाही, ते समजून घेण्यासारखं आहे. साध्या प्लगमध्ये बाहेरचं धातूचं कवच आधी टेकतं, मग ग्राउंडच्या (अर्थच्या) आणि विजेच्या पिना, आणि शेवटी बाकीच्या. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. चुंबकी टोक तिरकं बसलं की कुठलीही पिन कुठल्याही पिनेला आधी लागू शकते. यूएसबी-सीमध्ये वीज नेणाऱ्या पिनेला लागूनच सीसी पिन असते, जिच्यावरून चार्जर आणि लॅपटॉप 'किती व्होल्ट द्यायचे' हे ठरवतात. लॅपटॉप चार्ज होताना विजेच्या पिनेवर २० व्होल्ट असतात. सीसीच्या मागची चिप अनेक उपकरणांत साडेपाच-सहा व्होल्टच्या पलीकडे टिकत नाही. जोड सुटला हे चार्जरला सीसीवरूनच कळतं आणि मग तो व्होल्टेज उतरवतो, पण त्याला थोडा अवधी लागतो. तेवढ्यात टोक अर्धा मिलिमीटर सरकून शेजारच्या पिनेला लागलं तर चिप जाते, आणि ती मदरबोर्डवर असते.

दुसरी अडचण उष्णतेची. चुंबकी टोकातल्या पिना स्प्रिंगच्या असतात आणि छोट्याशा ठिपक्यावर टेकतात. समजा त्या जोडाचा रोध ५० मिलिओम आहे. ३ अँपिअरला तिथे ०.४५ वॅट उष्णता तयार होते, ५ अँपिअरला १.२५ वॅट. करंट पावणेदोन पटही वाढला नाही आणि उष्णता पावणेतीन पट. तीही मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत. अडॅप्टर हाताला चटका देत असेल तर तो 'फास्ट चार्जिंग'चा पुरावा मानू नये.

ठाणे-नवी मुंबईकरांसाठी आणखी दोन गोष्टी. एक म्हणजे लोखंडाचा कीस. वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या वर्कशॉपमध्ये, किंवा वर्कशॉपमधूनच रोज बॅगेत घरी येणाऱ्या लॅपटॉपवर, चुंबकी टोक लावणं म्हणजे उडणारा कीस थेट पिनांवर गोळा करणं. ऑफिसात तेच काम स्टेपलरच्या पिना करतात. यूएसबी-ए चार्जरला लावलेल्या चुंबकी वायरीच्या टोकावर तर ५ व्होल्ट कायम असतात. फोन काढला की ते टोक लोंबकळत लोखंडी कपाटाला किंवा पलंगाच्या पायाला जाऊन चिकटतं आणि शॉर्ट होतं. चांगला चार्जर बंद पडतो, स्वस्तातला तापतो.

दुसरी म्हणजे हवा. खाडीच्या दोन्ही काठांवर पावसाळ्यात ओल असते, आणि उघड्या पिनांवर घामाचा किंवा खाऱ्या दमटपणाचा थर बसून त्यातून वीज वाहिली की सोन्याचा मुलामा निघून पिना काळ्या-हिरव्या पडतात. कोरड्या हवेच्या शहरांत या टोकांना स्थिर विजेचं भय जास्त, आपल्याकडे गंजाचं. दिवसभर एसीत बसणाऱ्यांना मात्र दोन्ही.

तरीही घ्यायचंच असेल तर फोन, हेडफोन, छोटा स्पीकर अशा कमी वॅटच्या गोष्टींसाठी घ्या. लॅपटॉपसाठी २४ पिनांचा, पिना खोबणीत दबलेल्या असलेला आणि लॅपटॉपच्या चार्जरपेक्षा जास्त वॅटचा हवा. तीन किंवा पाच पिनांची गोल टोकं लॅपटॉपला लावूच नका. सुटलं की बोटाने चाचपून परत 'टक्' करून लावायची सवय घालवा, आधी चार्जरचं बटण बंद करा. टोक दर पंधरा दिवसांनी काढून, वीज बंद असताना, आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. घरात कोणाच्या छातीत पेसमेकर असेल तर चुंबकी टोकं त्यांच्यापासून किमान १५ सेंटिमीटर आणि चालू असलेला चुंबकी वायरलेस चार्जर किमान ३० सेंटिमीटर दूर ठेवायचा असतो. श्वासाच्या मशीनसारख्या वैद्यकीय उपकरणाला तर असला कुठलाही जोड लावू नये.

गोल पिनेच्या जुन्या लॅपटॉपलाही मधले चुंबकी जोड मिळतात. काही कंपन्यांच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक तार असते, जिच्यावरून लॅपटॉप चार्जर ओळखतो. जोडातून ती पुढे गेली नाही तर 'चार्जर ओळखला नाही' असा संदेश येतो आणि बॅटरी चार्ज होत नाही. मशीन मंदावतं ते वेगळंच. घेताना बॅटरीचं चिन्ह बघूनच पैसे द्या.

फुकटचा सुटणारा जोड

बहुतेकांच्या घरात एक ब्रेकअवे, म्हणजे ओढल्यावर सुटणारा जोड, आधीपासून आहे आणि तो वापरला जात नाही. लॅपटॉपच्या ठोकळ्यात बोर्डाकडून येणारी जी वायर खोचलेली असते, तीन भोकांची, जिला सगळे 'मिकी माऊस' म्हणतात, ती ओढल्यावर निघते. तिचं टोक आतून खोलगट असतं, त्यामुळे सुटल्यावरही विजेचा भाग हाताला लागत नाही. म्हणजे वाटेत आडवी येणारी वायर ही असली पाहिजे, ठोकळ्यापासून लॅपटॉपकडे जाणारी बारीक वायर नव्हे.

ते करायला ठोकळा टेबलाच्या पायाशी, जमिनीलगत, वेल्क्रो पट्टीने बांधा. लॅपटॉपकडची वायर टेबलाच्या पायावरून वर न्या आणि कडेला एका क्लिपमध्ये अडकवा. क्लिप ते प्लग यांच्यात १५ ते २० सेंटिमीटर वायर सैल सोडा, म्हणजे लॅपटॉप फिरवताना प्लग ओढला जाणार नाही. आता पाय अडकला तर ओढ ठोकळ्यापाशी थांबते. एक तर मिकी माऊस सुटतो, नाहीतर पिन टॉप निघतो. लॅपटॉपला काही कळतही नाही. हा जोड पुन्हा लावताना पूर्ण आतपर्यंत दाबा. अर्धवट राहिला तर आत ठिणग्या पडतात आणि प्लास्टिक तपकिरी होतं.

बांधायची जागा महत्त्वाची. टेबलाच्या पायाला खाली बांधलं तर ओढ जमिनीलगत जाते. वर बांधलं तर हलकं टेबलच कलंडतं. आणि पलंगावरच्या घडीच्या टेबलाला तर काहीच बांधू नका, लॅपटॉपसकट सगळं खाली येईल. ठोकळा अधांतरी लोंबकळत ठेवण्याची सवयही वाईट. त्याचं वजन दिवसभर पोर्टला ओढत राहतं. वायर ठोकळ्याभोवती करकचून गुंडाळू नका. तिच्या गळ्याशी, जिथे ती प्लास्टिकातून बाहेर येते, तिथेच आतली तार तुटते.

जिथे सुटू नये तिथे

लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून वायर सुटलेली चालते. डेस्कटॉप, राउटर, बॅकअप घेणारी हार्ड डिस्क यांना ते चालत नाही. तिथे उलटा विचार करायचा: सुटूच द्यायचं नाही, आणि ओढ जड वस्तूवर न्यायची.

पोर्टेबल हार्ड डिस्कचा रुंद, दोन कप्प्यांचा मायक्रो-बी प्लग हा या सगळ्यातला सर्वांत लेचापेचा. त्याची वायर प्लगपासून चार-पाच सेंटिमीटरवर सैल वळसा घालून डिस्कच्याच अंगाला वेल्क्रोने किंवा रुंद रबर बँडने बांधा. ओढ आली तर ती डिस्कच्या अंगावर येते, प्लगवर नाही. मग डिस्क लॅपटॉपच्या मागे, मॅटवर ठेवा. कॉपी चालू असताना डिस्क कडेला लोंबकळत असेल तर कुठलीच पट्टी वाचवणार नाही.

मॉनिटर किंवा प्रोजेक्टरच्या व्हीजीए वायरीचे स्क्रू लॅपटॉपच्या बाजूला घट्ट करू नका. प्रोजेक्टरच्या बाजूला करा. डिस्प्लेपोर्टच्या प्लगला खटका असतो. तोही लॅपटॉपकडे असेल तर ओढ आल्यावर लॅपटॉप सोबत जातो. यूएसबी-सीचे स्क्रूवाले प्लग मिळतात. ते टेबलाला पक्क्या केलेल्या कॅमेऱ्याला किंवा औद्योगिक मशीनला शोभतात, मांडीवरच्या लॅपटॉपला नाही.

वायर वाटेतूनच हटवणं

हॉलमधला बोर्ड भिंतीवर चार-साडेचार फूट उंच, जेवणाचं टेबल समोरच्या भिंतीशी, आणि दोन्हींच्या मधून स्वयंपाकघरात जायचा रस्ता. कोपरखैरणे, ऐरोली, वर्तकनगर, कुठल्याही वन-बीएचकेमध्ये हे चित्र ओळखीचं आहे. बोर्डातून खाली येऊन रस्ता ओलांडणारी वायर कधी ना कधी अडकणारच. लादी पुसताना तर हमखास.

यावर इलेक्ट्रिशियन लावतात ती पांढरी पीव्हीसीची केसिंग पट्टी बरी. भिंतीच्या खालच्या कडेने स्कर्टिंगवरून ती फिरवली की वायर रस्त्याला लांबून वळसा घालते. आत स्पाइक गार्डची वायर न्यायची, तिची लांबी आधी दोरीने मोजून घ्या. ओढून ताणून पुरवलेली वायर नेमकी कोपऱ्यावर वर उचलली जाते. सतरंजी किंवा पायपुसण्याखालून वायर नेऊ नका. ती चेंगरते, तापते, आणि वरून दिसत नाही.

चिकटणाऱ्या क्लिपा सनमायका, काच, टाइल यांवर टिकतात. डिस्टेंपर किंवा चुन्याच्या भिंतीवर रंगाच्या पापुद्र्यासकट निघतात, पावसाळ्यात तर दोन दिवसांत. लावायच्या आधी जागा आयसोप्रोपाइलने पुसून कोरडी करा, ३० सेकंद दाबून धरा, आणि वायर तासाभराने अडकवा. ही क्लिप वायरीला दिशा देण्यापुरती, पायाची ओढ झेलायला नाही.

घरात वयस्कर माणसं असतील तर प्राधान्य बदलतं. घट्ट बांधलेली वायर लॅपटॉपला वाचवते पण आजोबांना पाडते. त्या खोलीत रस्त्यावर एकही वायर नको. आलीच तर ती हलक्या ओढीला सुटणारीच हवी, बांधलेली नाही.

झटका बसून गेल्यावर

सगळं लावून झालं की एकदा तपासून बघा. सामान तोलायचा हुकवाला काटा मिळतो. वायर जिथे पायात येईल तिथे तो अडकवा, दुसऱ्याला लॅपटॉपजवळ हात धरायला सांगा आणि हळूहळू ओढा. लॅपटॉप सरकायच्या आधी काहीतरी सुटलं पाहिजे. एकदा जमिनीच्या दिशेने, एकदा बाजूने.

आधीच झटका बसला असेल तर पोर्टचं निदान घरी थोडंफार होतं. यूएसबी-सी प्लग एका बाजूने लावला की चार्ज होतो, उलटा केला की नाही, असं असेल तर बहुधा पिनांच्या एका रांगेत बिघाड आहे. प्लग हलवल्यावर चार्जिंग येत-जात असेल तर टाके सैल झालेत, आणि अशा पोर्टवर वापर चालू ठेवला तर सैल जोड तापून शेजारचे भागही नेतो. पण दोन्ही बाजूंनी प्लग पूर्ण आत जातच नसेल, तर आधी लॅपटॉप बंद करून टॉर्चने पोर्टात बघा. बऱ्याचदा आत कपड्याचा कापूस दबून बसलेला असतो. लाकडी टूथपिकने, पोर्टमधल्या पातळ जिभेला धक्का न लावता, तो कोरून काढता येतो. सुई किंवा पिन वापरू नका.

दुरुस्तीला नेलंत तर लॅपटॉप उघडण्याआधी एकच गोष्ट विचारा: पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे, वायरीवरच्या जॅकवर आहे, की थेट मदरबोर्डवर? पहिल्या दोन प्रकारांत सुटा भाग बदलून मिळतो. तिसऱ्यात मदरबोर्डवर सोल्डरिंग करावं लागतं, त्यामुळे खर्च किती आणि वॉरंटी किती दिवसांची, हे आधीच लिहून घ्या.